घर कोणाच्या नावावर? शरद वाचन प्रकल्पाच्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

आज वाचनालयाच्या समितीने हो म्हटलं. पितृपक्ष आटोपला की सुरू करायचं आणि दिवाळीनंतर कार्तिक पौर्णिमेला संपवायचं. जमेल त्या आठवड्यात एक संध्याकाळ, वाड्याच्या ढाळजेत, म्हणजे दाराशी असलेल्या बसायच्या ओसरीत. इंग्रजीतल्या जुन्या गॉथिक, म्हणजे जुन्या वाड्या-किल्ल्यांतल्या भीतीच्या, कादंबऱ्या मराठीत सांगायच्या, मधले निवडक उतारे वाचून दाखवायचे. शेवटी, शरदापासून थंडी जाईपर्यंत काय वाचावं याची यादी फळ्यावर लावायची. खर्च फक्त झेरॉक्स, चहा आणि एका सोलर कंदिलाचा.

हे का करायचं ते लिहून ठेवते. आमच्या वाचनालयात सगळ्यांत जास्त झिजलेली पुस्तकं भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची. 'लुचाई'ला मी स्वतः दोनदा शिलाई घातली आहे. 'लुचाई' बेतलेली आहे स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट'वर, आणि किंगने ती लिहिताना ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' डोळ्यांपुढे ठेवली होती. म्हणजे अचलपूर तालुक्यातल्या या गावात नातवंडाला सगळे ओळखतात, पण आजोबा कोणी पाहिले नाहीत. ते घराणं मुळापासून दाखवावं अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

जागेबद्दल. हा दोन चौकांचा जुना देशमुखी वाडा. वारस चार शहरांत पांगलेले, वाटणीचा दावा माझ्या जन्माआधीपासूनचा. ढाळज आणि तिला लागून असलेली एक खोली वाचनालयाला वापरायला दिली आहे. आतला चौक बंद असतो. त्या चौकात माजघरापलीकडे एक लहान खोली आहे, तिला वेगळं कुलूप आहे. दिवे लागले की पोट्टे तिकडे फिरकत नाहीत.

२५ सप्टेंबर, बुधवार

निवड करत बसले. जुन्या पुस्तकांवर आता कोणाचा हक्क राहिलेला नाही, ती मोबाईलवर फुकट उतरवता येतात. खरी अडचण लांबीची. ॲन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' (१७९४) चार खंडांची आहे. त्यातल्या काळ्या पडद्यामागे काय आहे हे कळायला वाचकाला शेकडो पानं वाट पाहावी लागते. एकट्याने वाचणाऱ्याला त्यात सुख आहे, पण दिवसभर सोयाबीन सोंगून आलेल्या माणसाला ओट्यावर बसवून ते सांगता येणार नाही. मॅथ्यू लुइसची 'द मंक' (१७९६) ठेवली नाही. तिच्यातलं क्रौर्य आठवी-नववीच्या मुलींसमोर वाचायचं नाही, हा माझा निर्णय.

ठरलेला क्रम असा: वॉलपोल, पो, टागोर, शार्लट ब्राँटी, मग तिची बहीण एमिली, स्टोकर, शेवटी मेरी शेली. टागोर इंग्रजी नाहीत हे मला माहीत आहे. त्यांना का घेतलं ते कोजागिरीच्या नोंदीत लिहीन.

२ ऑक्टोबर, बुधवार, सर्वपित्री अमावास्या

घरी पान वाढून झालं आणि दुपारी पोच्या 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर'चं (१८३९) मराठी करायला घेतलं. पहिल्याच वाक्यात अडले. गोष्ट शरदातल्या एका मळभलेल्या, नि:शब्द दिवशी सुरू होते, ढग खाली उतरून आलेले आणि माणूस एकटाच घोड्यावरून चाललेला. त्यांच्याकडचा हा ऋतू म्हणजे पानगळ, धुकं, लवकर पडणारा अंधार. आपला शरद तसा नाही. आपल्याकडे कास फुलतो, आकाश धुतल्यासारखं होतं, दुपारी ऊन चटका देतं. मेळघाटातला साग पानं टाकतो तो थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी. 'शरद' हा शब्द जसाच्या तसा ठेवला तर आमच्या ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोजागिरीचं दूध येईल.

मग आजच्या दिवसाकडे पाहिलं. सकाळपासून गावातल्या प्रत्येक घरात गेलेल्यांची नावं घेतली जात होती, कौलावर कावळ्यासाठी घास ठेवला जात होता. मेलेली माणसं घराशी येतात आणि त्यांचं घराशी काही देणंघेणं असतं, हे आपल्याला याच दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं. त्यांचा शरद आणि आपला शरद इथे भेटतात. भाषांतरात मी ऋतूचं नाव काढून टाकलं आणि लिहिलं, 'पितृपक्षातल्या सारखा एक दिवस.' पोने लिहिलंय ते असं नाही, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर तेच यावं.

५ ऑक्टोबर, शनिवार

पहिली बैठक. माणसं ११, त्यात सात बाया. वीज साडेसातला गेली, कंदील लावला.

हॉरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' सांगितली. ती निघाली डिसेंबर १७६४ मध्ये, आणि लेखकाने आपलं नाव लपवलं. १५२९ साली नेपल्सला छापलेली एक जुनी इटालियन पोथी सापडली, तिचा हा अनुवाद, असं प्रस्तावनेत सांगितलं. लोकांना आवडल्यावर १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत खरं बोलला आणि मुखपृष्ठावर 'एक गॉथिक कथा' असं घातलं. या प्रकाराला नाव मिळालं ते इथून. गॉथिक म्हणजे तेव्हा मध्ययुगीन. टोकदार कमानी, उंच अंधारे किल्ले, भुयारं.

गोष्ट सांगायला सोपी आहे. मॅनफ्रेड नावाचा राजा, त्याच्या मुलाचं लग्न. नवरदेवावर आकाशातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि तो चिरडून मरतो. वंश खुंटू नये म्हणून मॅनफ्रेड होणाऱ्या सुनेशीच लग्न करायला निघतो, आणि ती पोरगी भुयारातून पळते. इथवर सगळे गप्प होते. मी पुढे सांगणार तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या एका काकांनी विचारलं, "थे सगळं ठीक हाय ताई, पन किल्ला कोनाच्या नावावर होता? सातबारा कोनाचा?"

दोघं-तिघं हसले. मी नाही हसले, कारण काकांनी शेवटच्या पानावर नेमकं बोट ठेवलं होतं. मॅनफ्रेडच्या आजोबाने मूळ मालकाला विष घालून मारलं आणि खोटं मृत्युपत्र करून किल्ला बळकावला होता. शिरस्त्राण त्या मेलेल्या मालकाच्या पुतळ्याचं. भुताला रक्त नको होतं, त्याला आपल्या वारसाच्या नावाने फेरफार हवा होता. खोट्या मृत्युपत्राचं नाव काढताच ढाळजेत जी कुजबुज झाली ती शिरस्त्राण पडलं तेव्हाही झाली नव्हती.

रात्री घरी येऊन सगळी यादी पुन्हा काढली. प्रत्येक पुस्तकापुढे काकांचा प्रश्न लिहिला: घर कोणाच्या नावावर? आणि खाली दुसरा: घरात राहून कोणाचं नाव कुठेच नाही? टिपणं आता या दोन प्रश्नांभोवती नव्याने करणार.

९ ऑक्टोबर, बुधवार

सोंगणी जोरात. थ्रेशरचा आवाज रात्री अकरापर्यंत. बैठक नाही. दसऱ्यापर्यंत कोणी येणार नाही, हे आधीच धरायला हवं होतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. शाळेने नववीचा वर्ग पाऊण तास दिला. अशरची गोष्ट घेतली.

पो एक बारीक गोष्ट सांगून जातो. त्या भागातली कुळं 'हाउस ऑफ अशर' म्हणायची तेव्हा त्यांच्या मनात घराणं आणि इमारत अशा दोन वेगळ्या गोष्टी नसायच्या, एकच असायची. मराठी मुलांना हे समजावावं लागलं नाही. आपल्याकडेही 'घर बुडालं' म्हटलं की भिंतीचं नाही, माणसांचं बोलणं असतं. अशरच्या वाड्याला छतापासून खाली तळ्यापर्यंत एक नागमोडी भेग असते, नीट पाहिल्याशिवाय न दिसणारी. शेवटी जिवंतपणी पुरलेली बहीण वर येते, भावाला घेऊन कोसळते आणि घर त्या भेगेतून दुभंगून तळ्यात जातं.

एका मुलीने विचारलं, "बहिणीला विचारलं नव्हतं का कोणी, तुला काय होतं म्हणून?" नाही विचारलं. पूर्ण कथेत मॅडलिन अशरच्या तोंडी एकही शब्द नाही. हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलीने एका ऐकण्यात धरलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

माणसं ३४. भुलाबाईची शेवटची गाणी म्हणून, खाऊ ओळखून पोरी थेट इकडेच आल्या. चांदणं इतकं होतं की कंदील लावला नाही. टिपण न पाहता सांगितलं.

रवींद्रनाथांची 'क्षुधित पाषाण', १८९५ सालची. म्हणजे 'ड्रॅक्युला'च्याही दोन वर्षं आधीची. रवींद्रनाथ सतरा वर्षांचे असताना अहमदाबादला, न्यायाधीश असलेल्या मोठ्या भावाकडे शाहीबागेतल्या जुन्या महालात राहिले होते. ही कथा त्या महालातून उगवली. ती या यादीत का, याचं उत्तर पहिल्याच वाक्यानंतर मिळालं. कथेतला माणूस कापसावरचा महसूल गोळा करणारा अधिकारी आहे. "कापसाचा?" असं तीन-चार ठिकाणांहून एकदम आलं. वऱ्हाडात हा शब्द कानावर पडला की माणूस सावरून बसतो.

तो अधिकारी नदीकाठच्या ओसाड संगमरवरी महालात राहायला जातो. दिवसा हिशेब, रात्री पैंजणांचा आवाज, अत्तराचा वास, दिसत नसलेल्या बायकांचं पाण्याकडे धावणं. त्या महालात कधी काळी न भागलेल्या वासना जळल्या, म्हणून तिथला दगड न् दगड भुकेला आहे आणि तो जिवंत माणूस खातो. रोज पहाटे एक वेडा, मेहर अली, महालाभोवती ओरडत फिरतो: दूर व्हा, सगळं खोटं आहे. अख्ख्या कथेत शहाणा तेवढा तोच.

कथा अर्धीच राहते. ती रेल्वेच्या जंक्शनवर सांगितली जात असते, गाडी येते, सांगणारा निघून जातो आणि त्या इराणी दासीचं काय झालं ते कळत नाही. मीही तिथेच थांबले. मला वाटलं होतं लोक पुढचं विचारतील. कोणी विचारलं नाही. दुधाचं पातेलं खाली उतरवेपर्यंत सगळे आतल्या चौकाच्या बंद दाराकडे पाहत बसले होते.

२० ऑक्टोबर, रविवार

'जेन एअर'. माणसं १९. या बैठकीची तयारी मी सर्वांत जास्त केली, एकूण चौदा पानं.

पुस्तक ऑक्टोबर १८४७ मध्ये करर बेल या नावाने निघालं. शार्लट ब्राँटीने पुरुषाचं वाटावं असं नाव घेतलं, कारण बाईचं नाव पाहून पुस्तक बाईच्या मापाने मोजलं जातं हे तिला माहीत होतं. अनाथ जेन, थॉर्नफील्ड नावाच्या वाड्यात शिकवायला जाते. मालक रॉचेस्टर. वरच्या मजल्यावरून रात्री हसण्याचा आवाज येतो. लग्नाच्या दिवशी, चर्चमध्ये, कळतं की त्याची पहिली बायको जिवंत आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कोंडलेली आहे. बर्था मेसन, जमैकाची. तिच्यावर पहारा ठेवायला पगारी बाई.

मी काकांचा प्रश्न स्वतःच विचारला: पैसा कोणाचा? बर्थासोबत रॉचेस्टरला ३० हजार पाउंड मिळाले होते. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बायकोचा पैसा नवऱ्याचा. तिला स्वतःच्या नावाने मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे जिच्या पैशावर रॉचेस्टर उभा राहिला तीच वरच्या मजल्यावर कुलपात. आणि जेनला काकाकडून २० हजार पाउंड मिळतात तेव्हा ती काय करते? चार वाटे करते. तिघा आतेभावंडांना पाच-पाच हजार, स्वतःला पाच. त्यानंतरच ती रॉचेस्टरकडे परत जाते, स्वतःच्या पायावर. ही गोष्ट प्रेमाची म्हणून वाचली जाते. मी तिला वाटणीची गोष्ट म्हणते, आणि त्याने तिच्यातलं प्रेम कमी होत नाही.

बर्था आग लावते, छतावरून उडी घेते, मरते. तिच्या बाजूचं कोणीच बोलत नाही. तिच्या तोंडी थेट असं एक वाक्यही नाही.

मी पानं गोळा करत होते. मागे भिंतीशी बसलेली आजी, ऐंशीच्या पुढची, आजवरच्या बैठकांत एक शब्द न बोललेली, तिथूनच म्हणाली, "हे त काकीवानी झालं."

काही बाया उठता उठता पुन्हा बसल्या. आजीने जे सांगितलं ते तिच्या परवानगीने, जमेल तसं तिच्याच शब्दांत लिहिते.

"माह्या बाप या वाड्यावर सालदार होता. मी आठ-नऊ वर्षांची असीन. आतल्या चौकात थे खोली हाय ना, तिथं काकी राहे. धाकट्या मालकाची बायको. मालक लवकर मेला, लेकरूबाळ नोयतं. सकाळ-संध्याकाळ मी ताट घेऊन जावो, खिडकीत ठेवो. बाहेरून कडी राहे. सारे म्हनत येडी हाय. मले म्हने, आज कोनता वार हाय पोरी? मी सांगो. मंग थे बोटावर मोजे."

कोणीतरी विचारलं, खरंच वेडी होती का.

"येडी नोयती थे. तिनं वाटा मांगतला होता."

एवढंच बोलून आजी उठली. तिला घरापर्यंत सोडायला दोघी गेल्या. मी दिवा घेऊन ढाळजेत बसून राहिले. मी लहानपणापासून त्या खोलीबद्दल ऐकत आले होते की तिथे भूत आहे. तिथे माणूस होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

झोप नीट झाली नाही. सकाळी आजीकडे गेले. साल तिला सांगता येत नाही, पण तिच्या वयावरून हिशेब केला तर १९५० च्या आसपास येतं. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हयातीपुरता हक्क दिला होता. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने तो मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलला. देशभरातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा मिळायला २००५ उजाडलं. काकी या कायद्यांच्या मधल्या फटीत राहिली. आजीचं लग्न होऊन ती सासरी गेली त्याच्या आधीच काकी गेली.

मी नाव विचारलं. आजी बराच वेळ आठवत होती. "काकीच म्हनत सारे. नाव नाही ठाऊक."

'जेन एअर' वाचून बर्थाविषयी ज्याच्या मनात खुपत राहील त्याच्यासाठी एक पुस्तक यादीत आजच टाकलं: जीन ऱ्हिसची 'वाइड सरगॅसो सी', १९६६. ऱ्हिस स्वतः कॅरिबियन बेटांवर जन्मलेली. तिने बर्थाचं लग्नाआधीचं आयुष्य लिहिलं, तिला तिची वाचा दिली. त्यात तिचं खरं नाव अँटोनेट आहे, बर्था हे नाव नवरा तिच्यावर लादतो. तिथे अनोळखी माणसाने शंभरावर वर्षांनी एका बाईचं नाव शोधून तिला परत दिलं. आमच्या वाड्यातल्या बाईचं नाव पाऊणशे वर्षांतच पुसलं गेलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

माणसं ८. दिवाळीची सफाई, कापसाची वेचणी. एमिली ब्राँटीची 'वुदरिंग हाइट्स' (१८४७) अर्ध्या तासात उरकावी लागली आणि त्याचं मला वाईट वाटतं. आश्रयाला आणलेला पोरका हीथक्लिफ आश्रय देणारं आणि शेजारचं अशी दोन्ही घरं कशी गिळतो ते मात्र ऐकणाऱ्यांनी माझ्याआधी ओळखलं. जुगारात बुडालेल्या हिंडलेकडून एक घर गहाण, मुलाचं लग्न लावून दुसरं. सावकारी इथे कोणाला शिकवावी लागत नाही. खिडकीशी येऊन आत घ्या म्हणणारं लहान मुलीचं भूत मात्र मी सावकाश, पूर्ण वाचलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

आतल्या चौकाच्या बंद दाराबाहेर कोणीतरी पणती ठेवलेली दिसली. विचारलं नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

वार रविवार नव्हता तरी आजचाच दिवस धरला, कारण 'ड्रॅक्युला'तली शेवटची रोजनिशी ६ नोव्हेंबरची आहे. पहिली ३ मेची. अख्खं पुस्तक रोजनिश्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांचं. डॉक्टर आपली नोंद फोनोग्राफवर बोलून ठेवतो, मीना हार्कर ते सगळं टंकयंत्रावर उतरवून तारखेवार लावते, आणि त्या लावण्यामुळेच रक्तपिपासू ड्रॅक्युलाची चाल कळते. नोंदी ठेवणाऱ्या माणसाला हे पुस्तक फार जवळचं वाटतं. स्टोकरला 'ड्रॅक्युला' हे नावही वाचनालयात सापडलं. १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबी गावी त्याने विल्किन्सनचं एक जुनं पुस्तक काढलं, त्यात ते होतं. ट्रान्सिल्व्हेनियाला तो कधी गेलाच नाही. पुस्तक निघालं मे १८९७ मध्ये.

माणसं २७. जोनाथन हार्कर किल्ल्यावर कशाला जातो? खरेदीखताच्या कागदांसाठी. काउंट ड्रॅक्युलाला लंडनजवळ जुनी वास्तू घ्यायची आहे आणि हा वकिलाकडून आलेला माणूस. खांबाशी बसलेल्या काकांनी नुसती मान हलवली. त्यांना आता हे अपेक्षितच असतं.

मला वाटलं होतं दात आणि रक्ताने पोरं घाबरतील. ती रंगली ती मातीच्या पेट्यांत. ड्रॅक्युलाला आपल्या गावच्या मातीतच विसावा मिळतो, म्हणून तो ५० पेट्या माती जहाजाने सोबत नेतो. पुण्याला कंपनीत जाऊन दिवाळीला परत आलेला एक मुलगा म्हणाला, "त्याले बी झोप नाही लागत म्हना परक्या गावात." मी हे वाक्य यादीत त्या पुस्तकापुढे लिहिणार आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन'. त्यातला जीव नोव्हेंबरच्या एका रात्री डोळे उघडतो, म्हणून हे शेवटी ठेवलं होतं.

सुरुवात मी ज्वालामुखीपासून केली. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा फुटला. राख इतकी वर गेली की १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही. पाऊस, थंडी, पिकं गेली, धान्य महागलं. जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही तरुण मंडळी घरात अडकली होती, त्यातल्या कवी बायरनने सुचवलं की प्रत्येकाने भुताची गोष्ट लिहावी. अठरा वर्षांच्या मेरीने लिहायला घेतली. १ जानेवारी १८१८ ला पुस्तक निघालं, ५०० प्रती, लेखिकेच्या नावाशिवाय. त्याच बैठकीतून डॉक्टर पोलिडोरीची 'द व्हँपायर' (१८१९) आली, म्हणजे 'ड्रॅक्युला'चंही बी तिथलंच. दूर देशात डोंगर फुटतो आणि शेतकऱ्याच्या घरात दाणा येत नाही, हे ऐकताना परतीच्या पावसात सोयाबीन भिजलेले तिघे-चौघे पुढे सरकून बसले.

मग ती गोष्ट. बनवणाऱ्याने एक जीव बनवला आणि घाबरून पळाला. तो जीव एका झोपडीला लागून लपून राहतो, भिंतीच्या फटीतून माणसांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो, गुपचूप त्यांना सरपण आणून देतो. हा भाग मी सगळा वाचला, सतरा मिनिटं लागली. नववीतल्या त्याच मुलीने विचारलं, "त्याचं नाव काय ठेवलं?" ठेवलंच नाही. लोक ज्याला फ्रँकेन्स्टाइन म्हणतात ते नाव बनवणाऱ्याचं आहे.

"मंग तो बिघडनारच ना," आजी म्हणाली. तिची ही दुसरी वेळ.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

यादी पक्की केली. फळ्यावर जागा थोडी, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्याने यातलं काहीच वाचलेलं नाही त्याने पोची अशर आणि 'क्षुधित पाषाण' एका आठवड्यात वाचाव्यात, दोन्ही एका बैठकीच्या. 'ओट्रँटो' लहान आहे पण आज ती थोडी भाबडी वाटते, मूळ पाहायचं म्हणून वाचावी. 'जेन एअर' आणि लगेच 'वाइड सरगॅसो सी', मध्ये दुसरं काही नको. रॅडक्लिफ दिवाळीच्या सुट्टीत, सवड असेल तरच. 'ड्रॅक्युला'च्या आधी शेरिडन ल फानूची 'कार्मिला' (१८७२) वाचली तर रक्तपिपासू बाई आधी आणि काउंट नंतर हे कळेल. त्याचीच 'अंकल सायलस' (१८६४) मला बैठकीत घेता आली नाही याची हळहळ आहे. त्यात एका पोरक्या मुलीचा पालक म्हणून ज्या काकाला नेमलंय, ती सज्ञान होण्याआधी मेली तर इस्टेट त्या काकालाच मिळणार असते. पुढच्या वर्षी सुरुवात तिच्यापासून.

हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) आणि दाफ्ने द्यू मॉरिएची 'रेबेका' (१९३८) एकापाठोपाठ वाचाव्यात. एकीत शिक्षिका, दुसरीत दुसरेपणाची बायको, दोघी स्वतःच गोष्ट सांगतात आणि दोघींचं नाव पुस्तकभर कुठेही येत नाही. शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) एकट्याने, रात्री. मराठीत धारप आहेतच. त्यांच्यासोबत रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया' आणि खानोलकरांची 'रात्र काळी, घागर काळी' ठेवली आहे. आपल्या सुरुवातीच्या बऱ्याच कादंबऱ्याही अद्भुतातल्याच. १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा'. त्यांच्या प्रती मिळवायच्या आहेत.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, कार्तिक पौर्णिमा

यादी लावली. दुपारपर्यंत 'काजळमाया' आणि धारपांची तीन पुस्तकं गेली. 'जेन एअर'चं माझं चौदा पानी टिपण पाच जणींनी मागितलं, झेरॉक्स सांगितली.

नागपूरच्या वारसांना फोन केला. आतल्या चौकातली खोली पुस्तकं ठेवायला मिळेल का, असं विचारलं. काकीबद्दलही सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, त्यांनी लहानपणी फक्त भूत ऐकलं होतं. जुन्या कागदांत नाव सापडतं का पाहतो म्हणाले, आणि किल्ली महिनाअखेर कोणासोबत तरी पाठवतो.

संध्याकाळी आजीला हे सांगायला गेले. ती वाती वळत होती. हातातली वात पूर्ण करून म्हणाली, "उघडसान त मले बलावजो. पयले दिवा मी लावतो."